सिचुआनी जेवण जेवायला बाहेर जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेंगडूत, म्हणजे चीनच्या सिचुआन प्रांताच्या राजधानीत, राहायला आल्यापासून ओळखीचं कुणी ना कुणी इकडे येतंच. कुणी प्रदर्शनाला, कुणी कंपनीच्या कामाला, कुणी मुलाला वैद्यकीय शिक्षणासाठी सोडायला. निघायच्या आधी सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. दर वेळी फोनवर सांगून अर्धं राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे.

शेजवान म्हणजेच सिचुआन ना? मग ते आम्हाला माहीतच आहे की.

नाव त्याच प्रांताचं आहे, चव मात्र मुंबईची. आपल्या गाडीवरची शेजवान चटणी म्हणजे भरपूर लसूण, आलं, भिजवून वाटलेली सुकी मिरची, तेल, थोडं व्हिनेगर आणि साखर. मला ती मनापासून आवडते आणि तिला कमी लेखायचं काहीच कारण नाही. ती भारतीय चिनी स्वयंपाकाच्या घराण्यातली आहे. मंचुरियनही त्याच घराण्यातलं, नेल्सन वँग यांनी मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात १९७५ साली केलेलं. आपल्याकडे स्थायिक झालेले चिनी स्वयंपाकी बहुतेक दक्षिण चीनमधले हाक्का लोक होते. सिचुआन त्यांच्याही मुलखापासून खूप दूर.

सिचुआनी स्वयंपाक ज्या दोन गोष्टींवर उभा आहे, त्या दोन्ही शेजवान चटणीत सहसा नसतात. पहिली ह्वाजियाओ, म्हणजे जीभ बधिर करणारा मसाल्याचा दाणा, जिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे. दुसरी दोउबानजियांग, म्हणजे बाकळ्याच्या जातीच्या मोठ्या शेंगांचे दाणे आणि लाल मिरची मिठात आंबवून केलेला गोळा. चेंगडूच्या शेजारच्या पीश्येनचा (आताचं नाव पीदू) दोउबान सगळ्यात नावाजलेला. मातीच्या मोठमोठ्या रांजणांत तो भरतात, दिवसा उन्हात उघडा ठेवतात, रोज ढवळतात, पाऊस आला की झाकतात. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर सांडगी मिरची राखतात तशीच ही राखण, फक्त महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं. जितका जुना तितका रंग काळपट आणि चव खोल. गरम तेलात हा दोउबान पडला की तेल लालभडक होतं आणि जो वास सुटतो, तोच या शहराच्या गल्ल्यांचा संध्याकाळचा वास.

आम्ही कोल्हापूरचे. तांबडा रस्सा वाटीने पितो. आम्हाला काय होणार?

तिखटाने काही होणार नाही. सिचुआनमध्ये रोज वापरली जाणारी अर्झिंगत्याओ मिरची आपल्या ब्याडगीसारखी आहे: लांब, सुरकुतलेली, रंगाला आणि वासाला उत्तम, जाळ बेताचा. जास्त तिखट हवं असेल तिथे आखूड, आभाळाकडे तोंड करून वाढणारी मिरची घालतात. आपल्या लवंगीला सरावलेल्या जिभेला तीही पेलते.

तुम्ही थांबाल ते ह्वाजियाओपाशी. इथल्या चवीला 'मा-ला' म्हणतात. ला म्हणजे तिखट, मा म्हणजे बधिरपणा, मुंग्या. तिखट आपलं ओळखीचं असतं, मा ओळखीचा नसतो. माझ्या ओळखीतली पट्टीची तिखट खाणारी माणसं पहिल्या दहा मिनिटांत पाण्याचा पेला हातात धरून बसलेली मी पाहिली आहेत, कारण ओठ आपले राहिले नाहीत असं त्यांना वाटत होतं.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांना मात्र इथे एक मोठी सोय आहे. ह्वाजियाओ ही आपल्या तिरफळाची सख्खी बहीण. दोन्ही एकाच वनस्पतिकुळातल्या, एकाच प्रजातीगटातल्या. बांगड्याच्या आमटीत पडणारं ते हिरवट-काळं तिरफळ चुकून दाताखाली आलं की काय होतं, हे ज्याला माहीत आहे त्याला मा समजावून सांगावा लागत नाही. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. आजी तिरफळं फोडून आतली काळी बी टाकायची आणि नुसती सालं ठेवायची. इथल्या बाजारात पहिल्यांदा ह्वाजियाओ विकत घेतली तेव्हा दुकानदारीण ओंजळीत दाणे घेऊन मला दाखवत होती: बघ, साल उघडलेलं आहे, आत काळी बी राहिलेली नाही, म्हणून हा माल चांगला. बी कचकचते आणि तिला चव नसते. बाईंची भाषा तेव्हा मला निम्मीही कळत नव्हती, पण बोलणं सगळं कळलं.

फरक आहेच. तिरफळाचा वास उग्र, लाकडासारखा, लिंबाच्या पानाकडे झुकणारा. लाल ह्वाजियाओचा वास जास्त गोड, संत्र्याच्या सालीसारखा. हिरवी ह्वाजियाओ आणखी निराळी, ताज्या लिंबासारखी आणि जास्त बधिर करणारी. माशाच्या पदार्थांत बहुधा हिरवी घालतात. लाल हवी तर हानयुआन या गावचं नाव घेतात, एके काळी तिथली ह्वाजियाओ बादशहाला नजराणा म्हणून जायची.

ओठ थरथरल्यासारखे वाटतात. काही बिघडलं का?

नाही. ह्वाजियाओतलं सान्शूल नावाचं द्रव्य स्पर्श ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतं, त्यामुळे काही हलत नसताना हलल्याचा भास होतो. लंडनच्या संशोधकांनी २०१३ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांच्या ओठांना ह्वाजियाओ लावली आणि बोटाला कंप देणारं यंत्र लावून विचारलं, ओठांवरचा कंप कितीशी जुळतो? उत्तर आलं, सेकंदाला सुमारे ५० कंपनं. म्हणजे तुम्हाला वाटतं ते खरंच वाटतं. दहा-पंधरा मिनिटांत ओसरतं.

या बधिरपणात पाणी जरा आंबटसर-खारट लागतं. त्यात पाण्याचा दोष नाही.

इतकं तिखट हे लोक आधीपासून खातात का?

मिरची इथेही पाहुणीच आहे. अमेरिका खंडातून ती आली, आपल्याकडे पोर्तुगीजांमुळे गोव्यात आली साधारण त्याच काळात. चिनी ग्रंथांत तिचा पहिला स्पष्ट उल्लेख १५९१ सालचा, तोही शोभेचं झाड म्हणून. सिचुआनच्या रोजच्या जेवणात ती रुळायला पुढे दोनेक शतकं गेली. ह्वाजियाओ मात्र इथलीच आणि फार जुनी. हान राजवटीत राणीच्या महालाच्या भिंतींच्या गिलाव्यात ती मिसळत: ऊब आणि सुगंध यासाठी, आणि झुपक्यांनी दाणे येतात म्हणून वंशवृद्धीचं शुभचिन्ह मानून.

मेनू सगळा चिनी. चार माणसं आहोत, काय मागवू?

हाच माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न. आपली माणसं इथे येऊन एक चूक हमखास करतात: सगळे पदार्थ लाल मागवतात. "तिखटाचा प्रांत आहे ना, मग तिखटच द्या." चार लाल बशा समोर येतात, तिसऱ्या घासाला जीभ थकते, आणि घरी जाऊन सांगतात की सगळं एकाच चवीचं होतं. सिचुआनी स्वयंपाकी जवळजवळ २४ चवींचे प्रकार मोजतात. मा-ला त्यांतला एक. त्यांच्यात म्हणच आहे, शंभर पदार्थ, शंभर चवी. एका टेबलावर दोन पदार्थांची चव सारखी आली तर इथला यजमान ओशाळतो.

म्हणून चार माणसांना मी असं मागवते. मा-लासाठी मापो दोउफू, म्हणजे लाल तेलातलं मऊसूत तोफू, वरून भाजलेल्या ह्वाजियाओची पूड. १८६२ च्या सुमारास चेंगडूच्या उत्तरेकडच्या एका पुलाजवळ चेन आडनावाच्या घरातली बाई हे करून तेल वाहणाऱ्या हमालांना जेवू घालायची. तिच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, त्यावरून 'मापो' नाव पडलं. चांगला मापो टेबलावर येतो तेव्हा वर तेलाचा थर असतो आणि तो इतका वेळ उष्णता धरून ठेवतो की वाफ दिसत नाही. पहिला घास फुंकून घ्या, मी टाळूला फोड आणून घेतलेला आहे.

मग आंबट-गोड-तिखटासाठी यूशियांग छिएझ. नावाचा अर्थ 'माशाच्या वासाची वांगी', पण त्यात मासा नसतो. माशाला जो मसाला लावतात तो वांग्यांना लावलेला: लोणच्याची मिरची, आलं, लसूण, कांद्याची पात, साखर, काळं व्हिनेगर. भरल्या वांग्यांवर वाढलेल्या माणसाला वांगं इतकं रेशमी होऊ शकतं यावर विश्वास बसत नाही. कामानिमित्त आलेल्या ज्यांना ज्यांना मी जेवायला नेलं, त्यांच्यापैकी बहुतेकांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच मागितलं.

तिसरं गोंगपाओ जीदिंग, म्हणजे जगाचं कुंग पाओ चिकन. १९ व्या शतकात सिचुआनचा कारभार पाहिलेल्या तिंग बाओचेन या सरदाराच्या पदवीवरून हे नाव आलं. चिकनचे बारीक तुकडे, तेवढेच कांद्याचे पांढरे तुकडे, शेंगदाणे, हलकी आंबटगोड चव. भाजलेल्या मिरचीचा नुसता वास असतो, जाळ नसतो.

चौथी एक हिरवी पालेभाजी, नुसत्या लसणावर परतलेली. पाचवं टोमॅटो-अंड्याचं साधं पातळ सूप. हे दोन्ही नसले तर वरच्या तिघांची मजा अर्धी होते. पाच पदार्थांत चार जण पोटभर जेवतात, भात वेगळा.

बशीत मिरच्यांचा डोंगर आला आहे. हे सगळं खायचं?

मुळीच नाही. लाझजीमध्ये सुक्या मिरच्यांच्या ढिगात तळलेल्या चिकनचे लहान तुकडे असतात. चॉपस्टिकने ते शोधून काढायचे आणि मिरच्या तशाच सोडायच्या. आपण फोडणीतला कढीपत्ता बाजूला काढतो तसं. शोधत, गप्पा मारत खाणं हीच त्या पदार्थाची रीत.

श्वेइजू यू हे नावही फसवं आहे. अर्थ 'पाण्यात उकडलेला मासा', येतं ते लाल तेलाचं भांडं. वरचं तेल पिण्यासाठी नसतं. मासा आणि खालचे मोड उचलून घ्या, तेल निथळू द्या, भातावर घ्या.

मी शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

राहणार नाही, पण "शाकाहारी" म्हणून भागत नाही, नेमकं सांगावं लागतं. माझी मावशी इथे आली होती तेव्हा एका लहान हॉटेलात मी ठासून सांगितलं, मांस नको. सुक्या परतलेल्या फरसबीच्या शेंगा मागवल्या, त्यांना गानब्येन सीजीदोउ म्हणतात. शेंगा आल्या, सुरकुतलेल्या, चकाकत्या, आणि वर तपकिरी बारीक कण. मावशीला वाटलं, भाजलेल्या दाण्याचं कूट. दुसऱ्या घासाला तिने चॉपस्टिक खाली ठेवली. तो डुकराचा खिमा होता. वाढणाऱ्या मुलीचा हेतू वाईट नव्हता. तिच्या लेखी तुकडे म्हणजे मांस, खिमा म्हणजे मसाला. मावशी काही बोलली नाही, पण तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून मी चार गोष्टी वेगवेगळ्या सांगते: मांसाचे तुकडे नकोत, खिमा (रोउ मो) नको, डुकराची चरबी नको, वनस्पती तेलात करा. चौथं, मांसाचं पाणी आणि ऑयस्टर सॉस नको. हे चिनी अक्षरांत फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा. उच्चारांवर विसंबू नका, सूर चुकला की अर्थ बदलतो.

एवढं सांगितलं की दारं उघडतात. मापो दोउफू खिम्याशिवाय उत्तम होतो, कारण चव दोउबानची आणि दोउबान मुळात शाकाहारीच. यूशियांग वांगी, आंबट-तिखट बटाट्याचा कीस (हा कच्चट कुरकुरीत असतो, तसाच असायला हवा), लसणातली काकडी, लाल तेलातले गार नूडल्स, कमळकाकडी. तान्तान नूडल्समध्ये मात्र वर खिमा असतोच, तो आधी सांगून काढायला लावा.

एक दिवस वेनशू विहारासाठी राखून ठेवा. चेंगडूच्या मधोमध असलेल्या या बौद्ध विहाराचं स्वतःचं शाकाहारी भोजनगृह आहे. तिथे काहीही न विचारता जेवता येतं, आणि मांसाच्या नावाने केलेले सोयाचे, मशरूमचे पदार्थही मिळतात. नावं वाचून दचकू नका. मावशीने तिथे दोन वाट्या भात खाल्ला.

कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनाही बौद्ध भोजनगृहंच जवळची, कारण परंपरेने तिथे लसूण-कांदा टाळतात. तरी विचारून घ्यावं.

आम्ही मांसाहारी आहोत, पण गोमांस खात नाही.

मग हॉटपॉटला, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या रश्श्यात आपलं आपण शिजवून खायच्या प्रकाराला, जपा. शेजारच्या चोंगचिंग शहराच्या पारंपरिक लाल हॉटपॉटचा रस्साच गाईच्या चरबीत, न्योउ योउमध्ये केलेला असतो. त्यात भाज्या शिजवल्या तरी चरबी आलीच. दुकानात शिरतानाच छिंग योउ म्हणजे वनस्पती तेलाचा रस्सा आहे का विचारा. पुष्कळ ठिकाणी असतो. फूछी फेइप्येन, म्हणजे 'नवराबायकोचे काप', हा गारच खायचा प्रसिद्ध पदार्थही गोमांसाचा. जुन्या पद्धतीच्या मापोतही गोमांसाचा खिमा असतो. डुकराचं तर विचारूच नका, इथे 'मांस' या शब्दाचा पहिला अर्थच डुकराचं.

हॉटपॉट नेमकं कसं खातात?

टेबलाच्या मधे खळखळणारं भांडं, भोवती कच्च्या जिन्नसांच्या बश्या, आणि प्रत्येकाने आपलं आपण शिजवायचं. चोंगचिंगच्या नदीकाठच्या धक्क्यांवरचे हमाल आणि नावाडी स्वस्तातले आतड्या-कोथळ्याचे तुकडे तिखट रश्श्यात बुडवून खात, त्यातून हे आलं. (चोंगचिंग १९९७ पर्यंत सिचुआनचाच भाग होतं. हॉटपॉट कुणाचं, यावर दोन्ही शहरांची माणसं अजून हमरीतुमरीवर येतात.) जुन्या ठिकाणी भांड्यात नऊ चौकटींची जाळी असते. मधली चौकट जोरात उकळते, कोपऱ्यातल्या संथ. मधे पटकन होणारं टाकायचं, कोपऱ्यात वेळ घेणारं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी युआन-यांग भांडं मागवावं. मधे पडदा, एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला मशरूमचा किंवा टोमॅटोचा रस्सा. नाव कायम जोडीने राहणाऱ्या रंगीत बदकांवरून आलं आहे. पालेभाज्या आणि गोठवलेलं तोफू लाल बाजूला टाकू नका, ते स्पंजासारखं तेल पितात आणि पहिलाच घास जड जातो. बटाटा, कमळकाकडी, मशरूम लाल बाजूला छान लागतात. मांसाहाऱ्यांसाठी कोथळ्याचा पातळ काप हा इथला मान: चॉपस्टिकमध्ये घट्ट धरून सात वेळा वर, आठ वेळा खाली, साधारण पंधरा सेकंद. सोडला की हरवला, आणि हरवलेला काप रबर होतो.

बुडवून खायला वाटीत तिळाचं तेल आणि चेचलेला लसूण येतो. आपल्याला वाटतं, तेलातून काढून पुन्हा तेलात? पण तेच जिभेवर पातळ थर धरतं आणि घास निववतं. ते वगळू नका.

अंगावर पांढरा सदरा नको. ॲप्रन देतात, तरी कपड्यांना आणि केसांना वास दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. कोट ठेवायला पिशवी मागा.

एवढं सगळं टेबल मांडायला माणसं नसतील, एकटेच असाल, तर छ्वानछ्वान बघा. तेच जिन्नस काड्यांना टोचलेले, हवे तेवढे उचलायचे. शेवटी काड्या मोजून पैसे.

तिखट कमी करा, हे कसं सांगायचं?

वेई ला म्हणजे थोडं तिखट, जोंग ला मध्यम. बू ला म्हणजे तिखट नको. बू याओ ह्वाजियाओ म्हणजे ह्वाजियाओ नको. हे लक्षात ठेवा की चोंगचिंगचं "थोडं" हे आपलं चांगलंच झणझणीत असतं. पहिल्या दिवशी वेई लाच सांगा.

तोंड पोळलं तर?

पाणी पिऊ नका, मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, नुसता पसरतो. साधा भात चावून खा. दूध किंवा दही मिळालं तर सर्वांत बरं. हॉटेलात ते नसतं, शेजारच्या किराणा दुकानात मिळतं. हॉटपॉटच्या ठिकाणी थंड सोया दुधाच्या बाटल्या असतात. स्वान-मेइ-थांग हे सुक्या आलुबुखाऱ्यासारख्या फळाचं आंबटगोड सरबत आपल्या कोकम सरबताची आठवण करून देतं आणि काम तेच करतं. शेवटी बिंगफेन घ्या: डोळ्याला न दिसावी इतकी स्वच्छ जेली, वर काळ्या गुळाचा पाक, तीळ, बेदाणे. उन्हाळ्यात मी जेवणाऐवजी दोन वाट्या बिंगफेन खाल्लेलं आहे.

अल्सर किंवा पोटाचा जुना त्रास असेल तर धाडस करू नका. इथे तिखट नसलेलंही फार चांगलं मिळतं.

म्हणजे लहान मुलं आणि आजी-आजोबांना आणता येईल?

जरूर आणा. सिचुआनच्या मोठ्या मेजवान्यांमध्ये लाल पदार्थ थोडेच असतात. काइश्वेइ बाइत्साइ हा इथल्या उस्तादीचा मानबिंदू. दिसायला साध्या पाण्यात ठेवलेली कोबी. ते पाणी म्हणजे कोंबडी, बदक आणि डुकराच्या मांसाचा तासन्‌तास केलेला, मग बारीक मांसाने पुन्हापुन्हा गाळून नितळ केलेला अर्क. एक कणही तिखट नाही. रोजच्या जेवणात अंड्याचा वाफवलेला मऊ पुडिंगसारखा प्रकार, भाताची पेज, भोपळ्याचे गोड तळलेले पदार्थ, टोमॅटो-अंडं हे मुलांना आवडतं. गरम पाणी न मागता मिळतं, आजी खूश होतात.

शेंगदाण्याची ॲलर्जी?

इथे फार काळजी घ्यावी लागते. शेंगदाणे आणि तीळ नूडल्सवर, कोशिंबिरीवर, बिंगफेनवर, कुठेही असतात. काही बाटलीबंद सोया दुधातही शेंगदाणा किंवा अक्रोड असतो. ॲलर्जी तीव्र असेल तर चिनीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा आणि औषध बरोबर घ्या.

पोळी मिळेल? हाताने खाल्लं तर चालेल?

पोळी नाही, भात. तो वेगळा मागवावा लागतो, नाहीतर शेवटी येतो. मागवतानाच "भात आत्ताच द्या" सांगा. बश्या मधे, सगळे त्यांतूनच घेतात. वाटी हातात उचलून तोंडाशी धरणं ही इथे रीतच आहे. चॉपस्टिक भातात उभी खोचू नका, ते मृतांच्या भातासारखं दिसतं. चमचा मागितला तर आनंदाने देतात.

हॉटेल कसं निवडायचं?

चेंगडूला २०१० मध्ये युनेस्कोने खाद्यनगरीचा दर्जा दिला, आशियात पहिला. पण इथल्या माणसाला विचारलंत तर तो तुम्हाला एखाद्या 'माशांच्या खानावळी'त नेईल. चिनीत त्यांना छांगयिंग ग्वान्झ म्हणतात. या माशा म्हणजे घरात घोंघावतात त्या. चार टेबलं, प्लास्टिकची स्टुलं, भिंतीवर हाताने लिहिलेला फळा, दारात थांबलेली माणसं. नावावर जाऊ नका, कढईतून टेबलापर्यंतचं अंतर इथे दहा पावलं असतं आणि सिचुआनी जेवणाला तेच हवं. वेळेवर जा. दुपारी साडेअकरा-बारा, संध्याकाळी सहा. आपल्या नऊच्या वेळेला अशा बऱ्याच खानावळींत फडकं फिरत असतं. हॉटपॉटवाले मात्र रात्री उशिरापर्यंत उघडे.

जेवण आवडलं तर बा-शी म्हणा. हा खास इथल्या बोलीतला शब्द, "झकास, जिवाला बरं वाटलं" असा. पुस्तकी चिनीतल्या कौतुकापेक्षा या एका शब्दाने मालकीणबाईंचा चेहरा जास्त उजळतो.

पैसे कसे द्यायचे? टिप?

टिप नाही. पैसे फोनवरून, वीचॅट किंवा अलीपेने. त्याला परदेशी कार्ड जोडता येतं, पण हे काम घरूनच उरकून या. टेबलावरचा कोड स्कॅन करून मागवायचीही पद्धत आहे, चित्रं असतात त्यामुळे सोपं जातं. ओल्या रुमालाची पुडी फोडली की बहुधा तिचे पैसे लागतात, हॉटपॉटला बुडवायच्या वाटीचेही. बिल मागायचं असेल तर माइदान म्हणा.

हुनानचं जेवणही तिखट असतं म्हणतात. ते वेगळं का?

हो, जसं मालवणी आणि सावजी वेगळं. हुनानमध्ये ह्वाजियाओ फारशी नाही, खारवलेली आणि ताजी मिरची सरळ अंगावर येते. माशाच्या डोक्यावर चिरलेल्या लोणच्याच्या मिरचीचा थर घालून वाफवतात, तो त्यांचा मानाचा पदार्थ. गुइझोउमध्ये आंबट-तिखट, आंबवलेल्या टोमॅटोच्या रश्श्यातला मासा. तिन्ही प्रांतांवर एक म्हण आहे: एकाला तिखटाची भीती नाही, दुसरा तिखट असलं तरी भीत नाही, तिसऱ्याला भीती एकच, तिखट नसलं तर? कोण पहिला आणि कोण तिसरा, हे सांगणारा कुठल्या प्रांताचा आहे त्यावर ठरतं.

घरी परतल्यावर ह्वाजियाओ नाही मिळाली तर तिरफळावर मापो होईल का?

होतो, मी सुट्टीत वेंगुर्ल्याला करून पाहिला आहे. चव हुबेहूब नाही, पण भावंडं ओळखू येतात. सुकी तिरफळं घ्या, बी काढून टाका, सालं मंद आचेवर वास सुटेपर्यंतच भाजा, करपली की कडू होतात. कुटून चाळून घ्या. ह्वाजियाओच्या निम्म्याने सुरुवात करा, तिरफळाचा वास चढतो. दोउबान मात्र आणावाच लागतो, त्याला पर्याय नाही. तोफूचे चौकोन मिठाच्या गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा. तेलात दोउबान लाल होईपर्यंत परता, आलं-लसूण घाला, पाणी, तोफू, थोडा सोया सॉस. ढवळू नका, कढई हलवा. कॉर्नफ्लोअरचं पाणी दोन-तीनदा थोडं थोडं घाला, म्हणजे रस तोफूला धरतो. तिरफळाची पूड कढईत घालायची नाही. बशीत काढल्यावर वरून, वाढताना.